बर्फगाडीचं तक्रारपत्र

दहावीच्या वर्गाला मी गेली अठरा वर्षं तक्रारपत्र शिकवतोय. मागवलेल्या पुस्तकांतली पानं कोरी निघाली, गल्लीतले दिवे बंद आहेत, नळाला गढूळ पाणी येतं. प्रति, विषय, महोदय, मजकूर, आपला विश्वासू. मुलं पाठ करतात, गुण मिळवतात. त्यातलं एकही पत्र कुणी पोस्टात टाकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मीही कधी टाकलं नव्हतं. खरं तक्रारपत्र लिहायची पाळी आली ती आमच्या कोकणापासून दोन हजार किलोमीटरहून लांब, गुलमर्गला. तेही एका बर्फगाडीबद्दल, जिच्यावर मी उभ्या आयुष्यात एकदाच, मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसलो होतो.

फेब्रुवारी २०२४ चा पहिला आठवडा. श्रीनगरला उर्दू शिक्षकांची एक कार्यशाळा होती. ती आटोपल्यावर आम्ही तिघं मास्तर गुलमर्गला गेलो. त्या वर्षी काश्मिरात अजब झालं होतं. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, जवळजवळ कोरडे गेले. जानेवारीच्या मध्यावर गुलमर्गचं मैदान तपकिरी पडलंय, असे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते. बर्फ पडला तो महिनाअखेरीला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं पांढरं दिसत होतं, पण तो पांढरा रंग वरवरचा. बूट दाबला की खाली दगड लागत होता.

माझ्या दोन्ही सहकाऱ्यांना बर्फगाडीची फेरी मारायची हौस. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, मधे मोटारसायकलसारखी सीट. त्यांची फेरी नीट झाली. माझ्या वेळी अर्ध्या वाटेत डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि चालवणाऱ्या भाईसाहेबांनी इंजिन बंद केलं. उतरले, पुढचं झाकण उघडलं, फेरनच्या आत हात घालून कांगडीवर शेकत उभे राहिले. "गरम हो गया. दस मिनट, जनाब."

उणे चार अंशात इंजिन तापतं हे ऐकून मला हसू आलं. पण झाकण उघडल्यावर जो वास आला त्याने मी एकदम गप्प झालो. जळकं टू-स्ट्रोक ऑइल. आमच्या मामूच्या होडीचा वास.

मामूची मासेमारीची होडी होती, तिला मागे लटकवायचं आउटबोर्ड इंजिन. सुट्टीत मी त्याच्याबरोबर जायचो. ते इंजिन समुद्राचंच पाणी आत ओढून थंड व्हायचं. पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी येऊन चिकटली की पाण्यात उभं राहून इंजिन तापायचं. मामू शिवी हासडायचा, पिशवी काढायचा आणि म्हणायचा, ज्याने हे बनवलं त्याच्या समुद्रात पिशव्या नसतील.

मी भाईसाहेबांना विचारलं, "इसका पानी कहाँ से आता है?" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "आप मेकॅनिक हैं?" नाही म्हटलं, टीचर. उर्दू आणि मराठी. ते हसले. मग गाडीचा मागचा भाग दाखवला. पट्ट्याच्या वर, सीटखालच्या बोगद्याच्या छताला अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात आणि त्यातून इंजिनाचं कूलंट फिरतं. पट्टा फिरताना बर्फ उडवतो, तो बर्फ या पट्ट्यांवर आपटतो, वितळतो, आणि कूलंट थंड होतं. म्हणजे या गाडीचा रेडिएटर म्हणजे रस्ताच. बर्फ भुसभुशीत आणि भरपूर असेल तर सगळं छान. पातळ असेल, किंवा रात्रीतून गोठून काचेसारखा टणक झाला असेल, तर उडायला काही नसतं आणि लाल दिवा लागतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, ती मला जास्त लागली. पट्टा ज्या दोन रुळांवरून सरकतो त्यांना खालून प्लास्टिकच्या लांब पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना वंगण लावायचं नसतं, बर्फच त्यांचं वंगण. कोरड्या जागेवर गाडी चालवली तर हे प्लास्टिक घासून घासून वितळतं. त्यांच्या गाडीच्या त्या पट्ट्या एका बाजूने मेणबत्तीसारख्या ओघळलेल्या होत्या. "पिछले हफ्ते नयी डाली थी," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. महिनाभर एक पैसा न मिळालेल्या माणसाला जो थकवा येतो तो होता.

संध्याकाळी त्यांनी मला टंगमर्गला आपल्या घरी चहाला बोलावलं. मला वाटलं काश्मिरी मेहमाननवाजी. होतीच ती, पण कामही होतं. नून चाय ओतता ओतता ते म्हणाले, "माश्टरजी, आप लिखना जानते हैं. कंपनी को एक खत लिख दीजिए."

गाडी त्यांनी कर्ज काढून जुनी घेतली होती. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, त्याने काही बिघडत नाही. कंपनी परदेशी, विकणारा मधला माणूस, गाडीबरोबर माहितीपुस्तकही आलेलं नव्हतं. चार हंगाम चालवून भाईसाहेबांच्या मनात त्या गाडीविषयी जी यादी तयार झाली होती ती ऐकून मी चाट पडलो. मी वही काढली. ते बोलत होते, मी उर्दूत टिपणं घेत होतो, ती रात्री इंग्रजीत करायची होती. आणि आता मी हे मराठीत लिहितोय. बी.एड.ला भाषांतरकौशल्याचा एक तास होता खरा, पण अशा प्रसंगासाठी नसावा.

पहिलं त्यांनी बेल्टचं सांगितलं. या गाडीला गिअर नसतात. आपल्या बिनगिअरच्या स्कूटरसारखंच, दोन पुल्या आणि मधे रबरी बेल्ट. वेग वाढला की पुल्यांच्या तबकड्या जवळ-लांब होतात आणि बेल्ट वरखाली सरकतो. हा बेल्ट कधीही तुटू शकतो, म्हणून जादाचा एक गाडीतच ठेवायची जागा असते. ते सोयीचंच आहे. पण त्यांच्या गाडीत बेल्ट बदलायला एक खास हत्यार लागतं, मागची पुली फाकवण्यासाठी, आणि ते हत्यार जुन्या मालकाकडेच राहिलं. भाईसाहेब लाकडाची पाचर मारून पुली फाकवतात. जाड हातमोजे घालून ते जमत नाही, मोजे काढले की बोटं बधिर होतात. तुटलेल्या बेल्टचे धागे क्लचभोवती गुंडाळले जातात, ते तर नखांनी उकरावे लागतात. "लिखिए," ते म्हणाले, "जो भी चीज रास्ते में खोलनी पड़े, वो दस्ताने पहनकर खुलनी चाहिए." मला वाटतं, कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या भिंतीवर रंगवावं इतकं साधं वाक्य आहे हे.

मग झाकणाच्या क्लिपा. प्लास्टिक थंडीत कडक होतं आणि टक्कन तुटतं. थंडीसाठी बनवलेल्या गाडीचं प्लास्टिक थंडीत तुटतं, हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की त्यांची बायको आतून हसली.

ग्रीसचं प्रकरण लांबलं. पुढच्या आणि मागच्या सस्पेंशनला ग्रीस भरायच्या जागा असतात, निपल. काही निपल अशा ठिकाणी की गाडी आडवी केल्याशिवाय ग्रीसगन पोचत नाही. दोन-अडीचशे किलोची गाडी बर्फात आडवी करायला तीन माणसं लागतात. एका सांध्याला तर निपलच नाही, तो गंजून आवाज करतो. मला कुरकुरणारी आमच्या शाळेची एसटी आठवली, पण ते असो.

उंचीचंही होतं. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर. हवा विरळ, म्हणजे प्राणवायू कमी, आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल मात्र सपाटीवरच्या हिशेबाने येतं. मग प्लग काळा पडतो, गाडी धूर सोडते, चढावर दम टाकते. उपाय म्हणजे कार्बोरेटरमधला जेट लहान बसवायचा. नव्या गाड्यांत इंजेक्शन असतं, ते हवेचा दाब मोजून आपोआप जुळवून घेतं. यांच्या जुन्या गाडीत ते कुणी सांगितलंच नव्हतं. पहिला हंगाम अर्धा प्लग पुसण्यात गेला. शेवटी एका जुन्या जाणत्या मेकॅनिकने आवाज ऐकून सांगितलं, जेट मोठा आहे.

रिव्हर्सबद्दल मात्र भाईसाहेब कौतुकाने बोलले. त्यांच्या गाडीत बटण दाबलं की इंजिन क्षणभर बंद पडल्यासारखं होतं आणि उलटं फिरू लागतं. टू-स्ट्रोक इंजिन दोन्ही दिशांना चालू शकतं, त्याचा हा उपयोग. वेगळा गिअरबॉक्स नको, वजन नको. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हे आलं. त्याआधी गाडी रुतली की उतरून मागचा बंपर धरून उचलायची. "जिसने ये सोचा, उसको सलाम लिखिए." तक्रारपत्रात सलाम कुठे घालायचा हा प्रश्न मला पडला, कारण आमच्या नमुन्यात त्याची जागा नाही. मी पहिल्याच परिच्छेदात घातला.

इथवर सगळं सोपं होतं. मग आतून त्यांचा भाचा आला. एकोणीस-वीस वर्षांचा, देखणा पोरगा, डावा पाय किंचित ओढत चालणारा. समोवार ठेवून गेला. भाईसाहेब थोडा वेळ बोलले नाहीत.

बर्फगाडीची रेस मुठीने पिळायची नसते, अंगठ्याने दाबायची असते. यामागे विचार आहे. माणूस तोल जाऊन पडला की अंगठा सुटतो आणि रेस बंद होते. शिवाय बऱ्याच गाड्यांत त्या खटक्याजवळ एक छोटं स्विच असतं. समजा एक्सलेटरच्या वायरमध्ये बर्फ गोठला, अंगठा काढला तरी रेस मागे आली नाही, तर वायर सैल पडते. ते स्विचला कळतं आणि इंजिन बंद होतं. फार हुशारीची गोष्ट आहे. पण वायर नीट जुळवलेली नसेल, तिला जरा जास्त झोल असेल, तरी स्विच तसंच वागतं, आणि चांगली चाललेली गाडी गिऱ्हाइकासकट मधेच बंद पडते. भाईसाहेबांच्या गाडीला तेच होत होतं. दिवसातून पाच-सहा वेळा. फेऱ्या बुडत होत्या, माणसं पैसे परत मागत होती. त्यांनी स्विचच्या वायरी तोडून बायपास करून टाकल्या.

आधीच्या हिवाळ्यात एका सकाळी भाच्याने दोरी ओढून गाडी चालू केली. रात्री वायरमध्ये पाणी जाऊन गोठलेलं होतं, रेस अर्धी उघडी अडकलेली. इंजिन चालू होताच गाडीने उडी मारली आणि पोराचा पाय शेडच्या खांबात चिरडला. बारावीची परीक्षा तोंडावर होती. ती त्या वर्षी राहिलीच.

"ये भी लिखिए," ते म्हणाले.

मी पेन थांबवलं. म्हटलं, भाईसाहेब, हे लिहिलं तर ते म्हणतील स्विच तुम्हीच काढलंत. बाकीच्या सगळ्या मुद्द्यांवर पाणी पडेल. तक्रारपत्रात आपली बाजू भक्कम मांडायची असते, आपली चूक आपणच कशाला सांगायची? अठरा वर्षं मी हेच शिकवत आलोय.

ते म्हणाले, चूक माझीच आहे, ती मी अल्लाहकडे रोज मांडतो. पण स्विच काढणारा मी एकटा नाही. इथल्या किती गाड्यांची निघालेली असतील ते जाऊन बघा. ज्या चीजेला इतके लोक तोडून टाकतात, तिच्या बनावटीत काहीतरी कमी आहे की नाही? वायरीला झोल किती हवा हे झाकणाच्या आत एक चित्र चिकटवून सांगितलं असतं तर मी तोडलं असतं का? बेल्टचं चित्र चिकटवलंय ना त्यांनी.

मला उत्तर सुचलं नाही. मला पुन्हा मामू आठवला. आउटबोर्डलाही अशीच एक लाल दोरी असते. एक टोक इंजिनाच्या बटणाला, दुसरं माणसाच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी निघते, इंजिन थांबतं. बर्फगाडीलाही ती असते. जाळं ओढताना ती दोरी आड यायची, म्हणून मामूने ती इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली. एकदा तो पडला आणि होडी त्याच्याभोवती गोल गोल फिरत राहिली, पंख्यासकट. दुसऱ्या होडीवाल्यांनी दोर टाकून त्याला ओढलं म्हणून वाचला. घरी आल्यावर त्याने कंपनीला शिव्या दिल्या, आम्ही सगळे हसलो होतो. आता वाटतं, त्या शिव्यांत थोडं तथ्य होतं. दोरी वाचवणारी होती, पण जाळं ओढणाऱ्या माणसाचा हात ज्याने कधी पाहिला नाही त्याने केलेली होती.

मी लिहिलं. सगळं, त्यांच्या चुकीसह.

परत आल्यावर मला या गाड्यांविषयी वाचायचा नाद लागला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मान बोंबार्डिए नावाचा गॅरेजवाला होता. १९३४ च्या जानेवारीत त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्याने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद, इस्पितळ लांब. मूल गेलं. बर्फावरून चालणाऱ्या गाडीचे त्याचे प्रयोग कोवळ्या वयापासूनच सुरू होते, पण त्यानंतर तो त्यामागे हात धुऊन लागला. १९३७ मध्ये त्याला पट्टा फिरवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी गाडी त्याने विकायला काढली. एक-दोन माणसांची हलकी स्की-डू आली १९५९ मध्ये. अमेरिकेत मिनेसोटातल्या रोझो गावी शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याने पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर पहिली बर्फगाडी जोडली, तिथूनच पुढे पोलारिस उभी राहिली. ही सगळी माणसं स्वतः बर्फात राहणारी. गाडी रुतली तर ती त्यांची स्वतःची रुतायची. गिऱ्हाईक म्हणजे शेजारी, आणि तक्रार कुंपणावरून सांगायची. पुढे धंदा फोफावला, उत्तर अमेरिकेत शंभराहून अधिक कारखाने निघाले, आणि बहुतेक बुडाले. यामाहा १९६८ पासून या धंद्यात होती, तिनेही २०२३ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. आता बनवणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत. टंगमर्गच्या माणसाला कुंपण कुठून सापडणार?

पत्राचं पुढे काय झालं ते सांगतो. ईमेल पाठवल्यावर दोन मिनिटांत उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. ते यंत्राचं उत्तर. दुसऱ्या उत्तरात एक फॉर्म होता, त्यात देशांची यादी होती आणि यादीत भारत नव्हता. मी 'इतर' निवडलं. तिसऱ्यात लिहिलं होतं, जवळच्या अधिकृत विक्रेत्याकडे गाडी घेऊन जा. नकाशा उघडला तर जवळचा विक्रेता दाखवायला नकाशा बराच लहान करावा लागला.

मी हे सगळं भाईसाहेबांना कळवत होतो. ते म्हणायचे, "कोई बात नहीं, माश्टरजी." त्यांची अपेक्षा माझ्याइतकीही नव्हती.

पाच आठवड्यांनी मात्र एक वेगळा मेल आला. खाली माणसाचं नाव होतं आणि मजकूर माणसाने लिहिल्यासारखा होता. त्याने पत्र पूर्ण वाचलं होतं, कारण भाच्याच्या पायाबद्दल त्याने विचारलं होतं. स्विच पुन्हा जोडा, असं कळकळीने लिहिलं होतं. वायर कुठून कशी नेली आहे त्याचे फोटो मागितले होते. आणि त्या मॉडेलचं पूर्ण माहितीपुस्तक जोडलं होतं, ज्यात वायरीला झोल किती ठेवायचा याचं चित्र होतं. चित्र चिकटवायच्या सूचनेबद्दल, ग्रीसच्या निपलांबद्दल एक शब्द नव्हता. मला त्याचा राग आला, भाईसाहेबांना नाही. ते म्हणाले, किताब आ गयी, बस.

भाच्याने फोटो काढून पाठवले. चित्र बघून वायर जुळवली, स्विच जोडलं. आता ते उगाच गाडी बंद पाडत नाही म्हणे. पट्ट्यावर बर्फ उडवण्यासाठी मागे ओढत नेण्याचे स्प्रिंगचे काटे मिळतात, ते टणक बर्फ खरवडतात. ते मागवणं परवडेना म्हणून त्याने गावातल्या लोहाराकडून बनवून घेतले. काम देतात. पोरगा आता बारावी पास आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा बर्फाची बोंब झाली. गुलमर्गचे खेलो इंडियाचे हिवाळी खेळ पुढे ढकलावे लागले, ते मार्चमध्ये झाले. त्या दिवसांत भाईसाहेबांचा आवाजी निरोप आला. गाडी एकदम ठीक आहे म्हणाले, फक्त चालवायला जागा नाही. आणि एक नवं काम सांगितलं. माहितीपुस्तक इंग्रजीत आहे, भाच्याला वाचता येतं, पण स्टँडवरच्या बाकी मालकांना नाही. देखभालीची तेवढी पानं उर्दूत करून द्याल का?

ती अकरा पानं आहेत. रात्री इशानंतर अर्धा तास बसतो. सात झाली. 'झोल' या शब्दासाठी उर्दूतही झोलच लिहिलं, कारण भाईसाहेब तोच म्हणतात. आठव्या पानावर पुली फाकवायच्या हत्याराचं चित्र आहे. त्या हत्याराला स्टँडवर काय म्हणतात हे मी भाच्याला विचारलंय. तो म्हणाला, हत्यार कुणाकडेच नाही, त्यामुळे नावही नाही. लाकडाच्या पाचरेलाच काय म्हणतात ते उद्या विचारून सांगतो.